पहिला प्रश्न

"पत्ता विचारलाच नाही हिनं," नवे साहेब म्हणाले. "पहिला प्रश्न. तोच नाही."

रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षामागच्या लहान खोलीत तिघं बसली होती. साहेब आठवड्यापूर्वीच बदलून आलेले. मास्तर पंधरा दिवसांच्या रजेनंतर आज कामावर आलेले. अडचणीतल्या माणसाचा फोन कसा घ्यायचा, हे इथल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलं होतं, बावीस वर्षं. दाराजवळच्या खुर्चीत चिमणी. भरभर बोलते म्हणून हे नाव पडलेलं.

भिंतीवर मास्तरांच्या अक्षरातला तक्ता होता. पहिली ओळ : पत्ता विचारा. बाकी सगळं नंतर.

"तब्येत ठीक ना आता?" साहेबांनी विचारलं.

"ठीक."

"मग हे उरकून टाकू." साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "नवा फॉर्म आहे. वर फोन करणाऱ्याची सही, तक्रार त्यानं केली असेल तर. इथं तक्रार नाही, चूक आपल्या तपासणीत सापडली. त्याचं नाव-नंबरही आपल्यापासून झाकलेलं असतं. तो रकाना सोडा. खाली दोन आहेत. कोच आणि मेंटॉर. त्यातल्या एकातच सही."

"फरक काय?"

साहेबांनी पुस्तिका उघडली. "कोच एका कामातली कसर काढतो. शेजारी बसतो, चूक दाखवतो, ठरलेल्या मुदतीत घालवतो. तिथं सही केलीत तर अर्थ असा, की तीन महिने शिकवूनही काम आलं नाही. हिची नोकरी कच्ची आहे, उद्यापासून घरी. मेंटॉर कामाकडे नाही, माणसाकडे बघतो. तिथं सही म्हणजे काम येतं, पण मन कच्चं. मग फोनवरून काढून भांडारात बसवू."

"म्हणजे फोन सुटणार, कुठंही सही केली तरी."

"सुटणारच की."

"आणि कोच, मेंटॉर दोन्ही एकच माणूस असेल तर?"

"पुस्तिकेत तशी सोय नाही." साहेब चिमणीकडे वळले. "तुझा कोण होता गं?"

"काम मास्तरांनी शिकवलं," चिमणी म्हणाली. "माणसांत आणलं ते काकूंनी. दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला असायचे मी."

"वा. कोच इथं, मेंटॉर घरी, वर जेवण. एवढं करून पत्ता विसरलीस."

"चूक झाली."

साहेबांनी रेकॉर्डिंग लावलं. आधी नुसती धाप. मग पुरुषाचा आवाज, फाटलेला.

"ही पडली. श्वास नाही."

दोन सेकंद काहीच नाही. मग चिमणी. "गाडी निघाली. त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसा. छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवा. मी मोजते, तुम्ही दाबा."

"काय करू? सांग ना."

"हात ठेवा."

"नाही ठेवता येत गं."

"बघा, लगेच एकेरीवर आला," साहेब म्हणाले.

"घाबरल्यावर कोण अहो-जाहो करतं?" मास्तर म्हणाले.

रेकॉर्डिंगमध्ये चिमणी मोजत होती. एक, दोन, तीन, चार. तीसपर्यंत गेली, पुन्हा एकवर आली. पलीकडे माणूस रडत होता.

"ही घसा फोडून मोजतेय आणि हा ढिम्म," साहेब म्हणाले. "हात आहेत की ओंडके? बायको समोर पडलीय. इतकं सोपं काम."

चिमणी एकदम उठली. "साहेब, माझं काय ते बोला. त्यांना नको."

"बस खाली," मास्तर म्हणाले. ती बसली.

मास्तरांनी हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद केलं.

"अजून सात मिनिटं आहेत," साहेब म्हणाले.

"पुढं काय होतं ते माहीत आहे मला."

"खरंय म्हणा. बावीस वर्षं ऐकताय." साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. "पडद्यावर नोंदलेला पत्ता दिसतो, त्यावर विसंबली ही. तो जुना निघाला असता तर? गाडी बरोबर दारात गेली, हे नशीब. न विचारता पत्ता कळायला ही काय ज्योतिषी आहे?"

बाहेरून कुणीतरी हाक मारली. साहेब उठून गेले.

मास्तरांनी खुर्ची चिमणीकडे वळवली.

"का सांगत नाहीस?" मास्तरांनी विचारलं.

"काय सांगायचं? नाही विचारला पत्ता. तेवढंच खरं आहे."

"पोरी, नोकरी जाईल."

"जाऊ दे. दुसरी बघेन. तुम्ही कोचमध्ये सही करा." तिनं तक्त्याकडे बोट केलं. "ते बघून इथं सगळे फोन घेतात. त्यांचा विश्वास जायला नको."

"जेवलीस का?"

"नाही. तुम्ही?"

मास्तरांनी फॉर्म जवळ ओढला. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग सही केली.

साहेब परत आले. "झालं?"

"झालं."

"पोरीला घरी पाठवलंत की भांडारात?" त्यांनी चष्मा लावला आणि फॉर्म उचलला. कोचचा रकाना कोरा होता. मेंटॉरचाही कोराच.

"अहो मास्तर, रजेनं विसरायला झालं की काय तुम्हाला? कुठं सही केलीत ही?" साहेब हसत म्हणाले.

सही वर होती, फोन करणाऱ्याच्या रकान्यात.