शेवटची चिमूट

सुनेने सुपाचा वाडगा पुढे केला आणि पलंगाशेजारी स्टूल ओढून बसली.

"गरम आहे तोवर घ्या, आई."

"ठेव तिथे. घेते मी."

"नाही, माझ्यासमोर घ्या. वाडगा रिकामा झाला की मगच उठणार मी."

सासूबाईंनी चमचा उचलला. पाणी कुठेतरी मुरत होतं, यात त्यांना शंका नव्हती. अंथरूण धरलं तेव्हा साधी सर्दी होती, थोडा ताप होता. चार दिवसांत उतरायचं दुखणं. पण सुनेने रजा टाकून सेवा सुरू केली आणि दुखणं वाढतच गेलं. पोटात मुरडा, तोंडात गंजल्यासारखी चव, बोटांना मुंग्या. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली ती बोटं आता चमचाही धड धरीनात.

आणि सेवा तरी केवढी! सकाळी वाफ, दुपारी पायांत लोकरी मोजे, पोटाशी गरम पाण्याची पिशवी, संध्याकाळी मऊ भात घोटून केलेलं गाजराचं सूप. लग्न होऊन आली तेव्हा या बाईला धड चहा उकळता येत नव्हता. ती एकाएकी एवढी सुगरण कशी झाली?

सासूबाईंनी मुलाच्या कानावर घातलं.

"तुझी बायको माझ्या सुपात काहीतरी टाकते."

"मीठ टाकत असेल."

"थट्टा नको. बाहेरच्या खोलीतल्या आरशात मला स्वयंपाकघरातलं सगळं दिसतं. आधी इकडेतिकडे बघते, मग पाठ फिरवून चिमूट सोडते. काल हाक मारली तर केवढी दचकली! चोराच्या मनात चांदणं."

"आई, तापाने काहीही सुचतंय तुला. ती बिचारी राबराब राबतेय."

"बरं बाबा. मग माझं शिवणयंत्र तेवढं या खोलीत आणून ठेव."

"आधी बरी हो. मग शिवायचंच आहे."

मुलगा निघून गेला. सासूबाई भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे बघत पडून राहिल्या. तोंडाचा फटकळ माणूस, आणि हाताचा त्याहून. तरी त्याच्या शेवटच्या आजारात त्यांनी सगळं एकटीने केलं होतं. सुपाच्या वाडग्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. "अशी सेवा मी उभ्या जन्मात पाहिली नाही," असं डॉक्टरीणबाई तेव्हा चारचौघांत म्हणाल्या होत्या.

त्याच्यामागे कुठे आता त्यांच्या जिवाला स्वस्थता मिळाली होती. हवा तेव्हा चहा, हवा तेवढा मोठा रेडिओ. त्यांना मरायचं नव्हतं. मुळीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूप आलं तसं त्यांनी सुनेला पिशवीत गरम पाणी भरायला पिटाळलं आणि वाडगा खिडकीतल्या कुंडीत रिकामा केला. त्यानंतरच्या संध्याकाळीही तेच. ताकास तूर लागू दिली नाही. पोटातला मुरडा थांबला, तोंडाला चव आली. संशयाचा खुंटा हलवून बळकट झाला. त्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं.

डॉक्टरीणबाई आल्या, मुलगाही घरी होता. ठरल्या वेळी सूप आलं.

"आज आधी तू पी," सासूबाई म्हणाल्या. "यांच्यासमोर."

"आई!" मुलगा ओरडला.

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती स्टुलावर बसली आणि चमच्यामागून चमचा अर्धा वाडगा प्यायली.

"झालं समाधान?" तिचे डोळे भरून आले होते.

आपण पोरीवर नाहक आळ घेतला, या विचाराने सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण ती चिमूट कसली, एवढं तरी सांग," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"बाबांच्या सुपात आई घालायच्या, तीच." सुनेने पदराने डोळे पुसले. "मी तेव्हा नवीन होते. दाराआडून बघायचे. मोजे, पिशवी, सूप आणि सगळ्यात शेवटी ही चिमूट. बाबांचा वाडगा संपेपर्यंत आई हलायच्या नाहीत. म्हटलं, आपणही आईंचं अगदी तसंच करायचं. कळलं असतं तर म्हणाल्या असत्या, माझी नक्कल करतेस. म्हणून लपवलं."

ती आत गेली आणि लाल झाकणाची बोटभर बरणी आणून टेबलावर ठेवली.

"शिवणयंत्राच्या तळच्या खणात होती. दोरा शोधताना सापडली."

मुलाने अर्धा उरलेला वाडगा उचलला.

"बाबांना द्यायचीस ते हेच ना गं, आई? कधी मला चाखूही दिलं नाहीस." त्याने वाडगा ओठांना लावला.

आठवडाभर उठता न येणाऱ्या सासूबाई पलंगावरून झेपावल्या. वाडगा भिंतीवर जाऊन फुटला.

"थुंक!" त्या किंचाळल्या. मग सुनेचे दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवू लागल्या. "घशात बोटं घाल! ओक सगळं, ओक म्हणते ना!"

डॉक्टरीणबाईंनी सांडलेल्या सुपाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. आणि टेबलावरची बरणी उचलून आपल्या बॅगेत ठेवली.