ताजा विनोद

विक्रांतनं ऑफिसच्या पार्टीसाठी लंडनहून एक म्हातारा विनोदवीर आणला होता. त्याच्या चकाकत्या कोटाइतकाच त्याच्या विनोदांनाही डांबरगोळ्यांचा वास येत होता. उल्कानं नाक मुरडलं. "जन्मभर हेच विकलं असेल यानं."

"थांब, आता ताजा येईल," विक्रांत म्हणाला.

म्हातारा मान डोलवत भारतातून आलेला सासरा झाला. सिंगापूरच्या एमआरटीत, म्हणजे मेट्रोत चढण्याआधी त्यानं देवळात शिरावं तसे बूट काढले, आत पाऊल टाकलं, दारं मिटली आणि बूट फलाटावरच राहिले. सगळा हॉल हसून गडाबडा लोळला.

"हस ना गं, साहेब बघतायत," विक्रांत तिच्या कानाशी कुजबुजला.

उल्काला म्हाताऱ्याचा राग येईना. ती नवऱ्याकडे बघत राहिली. मागच्या महिन्यात सेम्बावांग स्टेशनवर तिच्या बाबांच्या चपला अशाच राहिल्या, तेव्हा अनवाणी बाबांसोबत ती आणि विक्रांत दोघंच होते.