अर्धा अर्धा इंच

एकतीस.

मास्तरांनी फीत पुन्हा लावली. एक टोक खाली आणलेल्या पेडलवर, दुसरं सीटच्या माथ्यावर. एकतीसच. चाळीस वर्षं टेलर म्हणून लोकांची मापं घेतलेला माणूस, हात थरथरला तरी माप चुकायचं नाही. आणि सायकल घेतली तेव्हाचं माप तर त्यांना तोंडपाठ होतं. साडेतेहतीस.

मग अडीच इंच गेले कुठे? माणूस म्हातारपणी खचतो, सायकल कशी खचेल?

काल डॉक्टरीणबाईंनी गुडघे दाबून पाहिले होते. "काका, सीट फार खाली आहे का? त्यानेच गुडघ्यांवर ताण येतो. वर घ्या, नाहीतर सायकल बंद करा."

"छे हो! माझ्या सायकलला माझ्या मित्राशिवाय कोणी हात लावत नाही. कारखान्यात फिटर होता तो," मास्तर तोऱ्यात म्हणाले होते.

वर्षभर गुडघ्यांनी जीव नकोसा केला होता. जिना उतरायचा तर कठडा धरून, खुर्चीतून उठायचं तर आई गं म्हणत. तेल झालं, शेक झाला, गोळ्या झाल्या. दुकान बंद केल्यापासून दिवसात राम म्हणून उरला होता तो फक्त सकाळच्या फेरीत. दोघांनी आपापल्या सायकलवर तळ्यापर्यंत जायचं, परत यायचं आणि मग फिटरच्या घरी त्याच्या हातचं जेवायचं. ती फेरी गेली तर उरलेल्या दिवसाचं करायचं काय? भिंतींशी बोलायचं?

आणि दर महिन्याला तेलपाणी करायला सायकल घेऊन जायचा तो हाच फिटर.

मास्तर सायकल ढकलतच त्याच्याकडे गेले. फिटर स्वयंपाकघरात पाठमोरा उभा होता. कढईत कांदा परतत होता. बायको गेल्यापासून दोन वर्षांत गडी चांगला सुगरण झाला होता. अंगात तीच करडी पँट. बाकीच्या कपड्यांचं कपाट त्याने बायकोमागे उघडलंच नव्हतं. या पँटचा खालचा काठ चेनमध्ये जाऊन दर दोन महिन्यांनी फाटायचा, आणि दर वेळी मास्तरच तो शिवून द्यायचे. मागचे दोन खिसे एकमेकांना टेकायला आले होते. मास्तरांची नजर तिथे गेली आणि चटकन बाजूला झाली.

"आलास? आज बटाटे घालतोय. तुला आवडतात तसे, जरा करपवून."

"सीट कोणी खाली केली?"

उलथनं थांबलं.

"अडीच इंच, फिटर! मी काय आंधळा झालोय? माझ्या गुडघ्यांची वाट लावलीस तू! वर्षभर लंगडतोय मी, आणि वर तूच रोज विचारतोस, मास्तर, आज कसं वाटतंय?"

फिटरने गॅस बारीक केला आणि स्टुलावर बसला. तेवढ्यानेही त्याला धाप लागली.

"मागच्या वर्षी तळ्याच्या वळणावर पडलास. आठवतं?"

"खड्डा होता तिथे."

"कसला खड्डा! थांबताना तुझा पाय जमिनीला टेकलाच नाही. मी मागेच होतो. तू उठलास, कपडे झटकलेस आणि खड्ड्याला शिव्या घातल्यास. मग मीही घातल्या." फिटर कसंनुसं हसला. "सीट खाली घे म्हटलं असतं, तर त्याच दिवशी सायकल विकून मोकळा झाला असतास. तुझा स्वभाव काय आज ओळखतो मी? म्हणून अर्धा अर्धा इंच घेत गेलो. पाय टेकायला लागले, तूही खूश झालास. गुडघ्यांचं माझ्या टाळक्यातच आलं नाही रे. मला लोखंडातलं कळतं, हाडांतलं कुठे कळतंय?"

खूश तर मास्तर झालेच होते. अजून कसा झोकात उतरतो बघा, असं गल्लीभर सांगत फिरले होते. आता त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही टिकेना. भांडायचं तरी अंगात त्राण लागतं, आणि ते सकाळपासूनच नव्हतं.

"एकदा तोंडाने सांगायचं होतंस," ते म्हणाले. "लागलं असतं मनाला. चार दिवस बोललो नसतो. पण गुडघे तरी वाचले असते."

बोलले, आणि त्यांचा हात खिशातल्या फितीवर गेला.

"चुकलं बाबा. जेवून घे, मग पाना काढतो. सीट हळूहळू वर घेऊ, आणि थांबायचं झालं की मी आधी उतरून तुझी सायकल धरत जाईन. पण सायकल सोडू नकोस." फिटरने ताट वाढलं. मास्तरांचं भरगच्च, स्वतःचं दोन घासांचं.

"एवढंसंच?"

"हल्ली भूकच लागत नाही. पण तब्येतीचं म्हणशील तर ठणठणीत!" फिटरने दोन्ही अंगठे पँटच्या पट्टीत अडकवले. "ती होती तेव्हा कंबर छत्तीस, आजही छत्तीस. सुताचा फरक नाही."

मास्तरांनी ताट बाजूला सारलं. खिशातली फीत काढली आणि फिटरच्या हातावर ठेवली.

"चपला घाल. डॉक्टरीणबाईंकडे जायचंय."

"गुडघे एवढे दुखतायत?"

"माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी." मास्तर म्हणाले. "बत्तीस आहे तुझी कंबर. काठ शिवायला पँट द्यायचास ना, दर वेळी मी मागून अर्धा अर्धा इंच आत घेत आलोय."