शनिवारचा व्हॉल्व्ह

लेस्टर ब्रँटने कागदी पिशवीतून आपल्या टीव्हीचा एकेक काचेचा व्हॉल्व्ह अंड्यासारखा अलगद काढला आणि काउंटरवर मांडला. एकूण सतरा.

“परत टीव्ही बंद?” रॉस्को न्हाव्याने कॉफीच्या कपातून तोंड वर काढलं. “चौथा शनिवार हा! अरे मिलो, तुझं हे यंत्र धडधाकट व्हॉल्व्हलाही तिरडीवर बांधतं की काय?”

औषधाच्या दुकानाचा मालक मिलो हावरकँप काउंटर पुसत राहिला. व्हॉल्व्ह तपासायचं हे यंत्र त्याने हौसेने निवडलं होतं. नुसता दिवा लागणारी स्वस्तातली यंत्रं त्याने परत पाठवली. त्याला तबकडीवर फिरणारा काटा हवा होता. गावातल्या कुणीही यावं, आपल्या टीव्हीचे व्हॉल्व्ह स्वतः तपासावेत, मेलेल्याच्या जागी खालच्या कपाटातला नवा घेऊन जावा.

लेस्टरने तक्त्यात नंबर शोधला, बटणं जुळवली, व्हॉल्व्ह खोबणीत बसवला. काचेच्या पोटात तांबूस धग उजळली. काटा थरथरला आणि हिरव्या पट्ट्यात जाऊन थांबला.

“काय चीज आहे ही!” लेस्टर पुटपुटला.

दुकानातले सगळे त्याच्याकडे बघू लागले. खाणीतल्या अपघातात त्याचा एकुलता एक मुलगा डेल गेला, तेव्हापासून या माणसाने घर सोडलं नव्हतं. बायकोशीसुद्धा बोलत नव्हता. दिवसभर टीव्हीपुढे बसून असायचा. टीव्ही बंद पडला तरच उठायचा. पण या काट्यापुढे त्याचे डोळे कसे लकाकायचे! बघताना मिलोला दर वेळी भरून यायचं.

अकराव्या व्हॉल्व्हला काटा तांबड्यातच पडून राहिला.

“सापडला चोर!” लेस्टर चक्क हसला. मग हळूच म्हणाला, “डेलला फार आवडलं असतं हे.”

मुलाचं नाव सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडी आलं होतं.

नवा व्हॉल्व्ह घेऊन तो गेला, तसा रॉस्को उठून मिलोसमोर आला. “दर आठवड्याला एक बरोबर मरतो, नाही का? पोर गेलेल्या माणसाला लुबाडतोस? लाज कशी वाटत नाही रे तुला?”

मिलोची मान खाली गेली. “कॉफी गार झाली तुझी,” एवढंच तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी दुकान उघडताच लेस्टरची बायको ओपल धापा टाकत आत आली. रुमालात गुंडाळलेला एक व्हॉल्व्ह तिने काउंटरवर ठेवला. ठणठणीत होता.

“रविवारी जेवताना डेलबद्दल बोलला,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. “तासभर, मिलो! अख्खा तासभर!”

मिलो तिच्याकडे बघतच राहिला. एवढं बळ ही बाई आणते तरी कुठून?

“चल, याच नंबरचा खराब दे. तो जागा व्हायच्या आत टीव्हीत बसवायचाय,” ओपल म्हणाली. “पण नेहमीसारखा मेलेला नको देऊस. मरायला टेकलेला दे. मेलेला लगेच सापडतो, गेल्या वेळी फार लवकर घरी आला तो.”