फळीवरचा ताल

केंटकीच्या डोंगरातल्या रेडिओ केंद्रावर शनिवारच्या कंट्री गाण्यांच्या कार्यक्रमात ढोलाला पहिल्यापासून मज्जाव होता. ढोल म्हणजे शहरी थेर! म्हणून लेथा माइकजवळच्या फळीवर नाल ठोकलेल्या बुटांनी नाचायची. गिटारला तोच ताल. निवेदक तिचं नाव घेत नसे, कारण तिचे पाद्री वडील नाचाला पाप म्हणायचे. "केंद्रावर श्रोत्यांची पत्रं फोडते," असं घरी सांगितलेलं. कार्यक्रम मात्र वडील चुकवत नसत. रविवारी न्याहारीला त्यांनी विचारलं, "ढोल नाही, मग ताल धरतं कोण गं?" "कोणीतरी लाकूड बडवतं, बाबा." "गुणी आहे बडवणारा!" सहज विचारलं की चाचपून पाहिलं? आठवडाभर तिला कळेना. शनिवारी तिने पलंगाखाली दडवलेले बूट काढले. डाव्याची नाल नव्या खिळ्यांनी पक्की बसवलेली होती. ओसरीवरून वडील म्हणाले, "गेल्या शनिवारी डावा पाय खुळखुळत होता, पोरी!"