चपलेचा नंबर

आमच्या कारखान्यातलं बिस्किटं पॅक करायचं मशीन दिवसातून चार वेळा रुसून बसायचं. मग मशीनवर काम करणाऱ्या मावशी पायातली चप्पल काढायच्या आणि मशीनच्या डाव्या अंगाला एक सणसणीत ठेवून द्यायच्या, की ते मुकाट्याने सुरू. बावीस वर्षं हेच चाललं होतं.

एके दिवशी मोठ्या ऑफिसातून इनोव्हेशनवाली मंडळी आली. तीन दिवस वह्या घेऊन मावशींच्या मागेमागे फिरली, प्रत्येक फटक्याचं शूटिंग केलं आणि जाताना एकाने अदबीने विचारलं, "मावशी, तुमच्या चपलेचा नंबर काय हो?"

"सात," मावशी लाजून म्हणाल्या.

घरी गेल्या गेल्या त्यांनी सुनेला सांगितलं, "कंपनी मला नवीन चपला देणार बघ!"

"चपला कसल्या देतायत? नारळ देतील हातात," सून म्हणाली.

सहा महिन्यांनी नवीन मशीन आलं. चकाचक, काचेच्या पडद्याचं, बटणाबटणाला गोड आवाज करणारं. मावशी गुमान कोपऱ्यात जाऊन खोकी चिकटवायला बसल्या.

दुसऱ्याच आठवड्यात भर पाळीत मशीन बंद पडलं. साहेबांनी सगळी बटणं दाबून पाहिली, दोनदा घाम पुसला आणि शेवटी नाइलाजाने 'मदत' दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली:

"डाव्या बाजूच्या रबरी गादीवर सोबतच्या चपलेने एकदा जोरात मारा.

सात नंबर सोडून दुसरी चप्पल वापरल्यास वॉरंटी रद्द."