आप्पांची साक्ष

चांद्रतळावरच्या नोकरीसाठी उमेदवाराचे दोष घरच्या माणसाला विचारत. सुनीतीच्या घरी आता कुणीच उरलं नव्हतं, म्हणून तिने आप्पांच्या आठवणींची बोलकी पेटी टेबलावर ठेवली. आप्पा गेल्यापासून आठ महिने तिने ती सुरू केली नव्हती.

"काका, लेकीचा दोष सांगा," मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या.

"मदत मागत नाही हो ही! माझ्या आजारपणात शेजारीण डबा घेऊन दारात उभी, आणि ही म्हणते, नको. स्वतः मात्र उपाशी!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "वर चौघंच असतात. मदत न मागणारं माणूस तिथे चालत नाही... असो. चहा घेणार?"

'नको' अगदी ओठांवर आलं होतं, तेवढ्यात पेटीत आप्पा खाकरले.

"घेईन," सुनीती डोळे पुसत म्हणाली. "आणि बिस्किटं असतील तर तीही द्या. सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

बाईंनी पेन पुन्हा उचललं.